तोगाशी-सानचं जळकं ऑइल

तोगाशी एइकिचींचे हात मी कधी स्वच्छ पाहिलेले नाहीत, आणि त्यांचे केस मी लग्न होऊन याच गावात राहिले तेव्हापासून कापते आहे. अंगावर चादर टाकली की हात दिसायचे नाहीत, हे खरं. पण ते उठून गेले की खुर्चीच्या दोन्ही हातांवर काळी बोटं उमटलेली असायची. मी ओरडायचे. ते म्हणायचे, "साबण लावून आलोय हो, मिकामी-सान." लावूनच येत असतील. जळकं ऑइल साबणाला दाद देत नाही.

माझं केस कापण्याचं दुकान रस्त्याच्या या बाजूला आणि त्यांचं गॅरेज बरोबर समोर. खाली गॅरेज, वर त्यांचं राहतं घर. त्यांची बायको मित्सुयो माझ्या शाळेतली. मी तिला लाडानं मित्सु-चान म्हणते, ती मला सेत्सु-चान. सत्तरी उलटली तरी आमच्यात बदल नाही. नवरा-बायको मात्र मुलगी झाल्यापासून एकमेकांना 'बाबा' आणि 'आई' म्हणायला लागले, ते मुलगी सापोरो शहरात जाऊन तिची मुलं कॉलेजात गेली तरी तसंच राहिलं.

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात त्यांचा बॉयलर होता. गाड्यांचं जे काळं, वापरून झालेलं ऑइल निघतं, ते थेंबथेंब भट्टीत पडायचं, पंखा त्याला वारा घालायचा आणि त्या आगीवर तापलेलं पाणी पाइपांतून वरच्या मजल्यावर जायचं. वर खिडक्यांखाली लोखंडी पट्टे आहेत, ते तापले की घर तापलं. बॉयलर तोगाशी-साननी स्वतः बनवला होता, जुन्या जहाजाच्या पाण्याच्या टाकीतून. त्याचं कौतुक त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, पण कोणी गॅरेजात आला की ते उगाच त्या कोपऱ्याकडे चालत जायचे आणि मागे वळून बघायचे, की माणूस येतोय की नाही.

त्यात कौतुक करण्यासारखं फार नव्हतं, कष्ट करण्यासारखं होतं. ऑइल फुकट, म्हणून लोकांना वाटतं ऊबही फुकट. रॉकेलच्या शेगडीला काय, बटण दाबलं की झालं. या प्रकाराला रोज सकाळी भट्टी विझवून दार उघडावं लागतं. आत राखेचा दगड झालेला असतो, तो सळीनं ठोकून ठोकून काढायचा. ज्या तोंडातून ऑइल ठिबकतं ते पुसायचं, गाळणी रॉकेलमध्ये धुवायची. मग बाहेरच्या ड्रमची खालची तोटी उघडायची. ऑइलमधलं पाणी तळाला बसलेलं असतं, ते आधी येतं. पाणी येतंय तोवर वाहू द्यायचं, काळं यायला लागलं की बंद. हे एक दिवस टाळलं तर ते पाणी पाइपात जाऊन गोठतं आणि पाइप तुंबतो. आमच्याकडे हिवाळा एप्रिलपर्यंत चालतो. त्या माणसाला तोवर एकही सकाळ सुट्टी नाही. मित्सुयो म्हणायची, "आमच्या घरात तान्हं मूल आहे, ते काही मोठंच होत नाही."

मी त्यांच्या चिमणीवरून त्यांची सकाळ ओळखायचे. सगळं ठीक असलं की चिमणीतून धूर दिसत नाही, नुसती हवा हलते, आणि छपरावर चिमणीभोवती बर्फ वितळून एक काळं वर्तुळ पडतं. बिनसलं की काळा धूर. मग माझ्या दारातल्या पांढऱ्या बर्फावर मिरपूड टाकल्यासारखी काजळी. मी फावडं घेऊन बाहेर जायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "आज काय जाळताय, टायर?" ते गॅरेजमधून म्हणायचे, "माफ करा, माफ करा," आणि आणखी जोरात ठोकायला लागायचे.

हे सगळं चालायचं कारण गावात गाड्या होत्या. मग शाळा बंद झाली, तिच्याबरोबर शिक्षकांच्या गाड्या गेल्या. रेल्वे बंद झाली. लाकडाची वखार बंद झाली, तिचे ट्रक गेले. उरलेली तरणी माणसं मोठ्या गावात जाऊन गाडी घेतात आणि ऑइलही तिथेच शोरूममध्ये बदलतात. गॅरेजात यायचे ते म्हातारे, म्हातारी ट्रॅक्टरं आणि माझी गाडी. ड्रम दर वर्षी आधीच्यापेक्षा लवकर रिकामे व्हायला लागले. तोगाशी-सान ते ड्रम वाजवून बघायचे. आम्हाला पलीकडून आवाज यायचा. आवाज पोकळ आला की ते थोडा वेळ तिथेच उभे राहायचे.

मित्सुयोच्या फुप्फुसांचं दुखणं त्याच सुमाराला वाढलं. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन दिलं, नाकात नळी, चोवीस तास. आणि एक ताकीद दिली, की जवळपास आग नको. खोलीत उघडी शेगडी नको, मेणबत्ती नको, देवापुढची उदबत्तीसुद्धा नको. विजेच्या शेगडीनं आमच्या थंडीत जेमतेम पाय शेकतात, त्यामुळे आता त्या बाईला ऊब मिळायला एकच वाट उरली, खालच्या बॉयलरची. सगळा हिवाळा विकतचं रॉकेल जाळून नवा बॉयलर चालवायचा तर म्हातारा-म्हातारीच्या पेन्शनला ते झेपणारं नव्हतं, आणि मुलीकडून घ्यायला बापाची मान वाकत नव्हती.

मुलगी चिझुरू शरद ऋतूत आली, झाडांची पानं लाल झाली होती तेव्हा. मीही वर चहाला होते. चिझुरू वाईट मुलगी नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल. तिनं आपल्या घराजवळ एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. तिथे नर्स असतात, डॉक्टर येतात, आणि आईसाठी खोली मिळत होती.

"मी नाही जाणार," मित्सुयो म्हणाली.

"आई, तू इथे जिना उतरू शकत नाहीस."

"मला उतरायचंच नाहीये. खाली तुझ्या बाबांचं राज्य, वर माझं."

चिझुरूनं बापाकडे बघितलं. तोगाशी-सान चहाच्या कपात बघत होते.

"बाबा, मी एक हिवाळा थांबते," ती म्हणाली. "पण घर एकदा जरी थंड पडलं ना, एकदाच, तरी मी येऊन आईला घेऊन जाणार. तेव्हा 'आजचा दिवस थांब' असलं काही चालणार नाही. कबूल?"

"कबूल," ते म्हणाले.

"आई, तुलाही?"

"तुझे बाबा कबूल म्हणाले ना. मग झालं."

मी मध्ये पडले. मी नेहमीच पडते. म्हटलं, "अगं, बापाला काय परीक्षेला बसवतेस?" चिझुरू माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, मग तुम्ही सांगा, मी काय करू?" मी उठून सगळ्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला.

ही अट दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत झाली. माझ्याकडून झाली असं म्हणतात, म्हणू देत. आणि गाव लहान असलं तरी निर्दयी नाही. साकुमाच्या गोठ्यातून ट्रॅक्टरचं जुनं ऑइल आलं. सोबा-शेवयांच्या दुकानाच्या निशिवाकीनं तळणाचं तेल आणलं. कोणी गवत कापायच्या मशीनमधलं कपभर ऑइल बरणीत घालून आणलं. सगळे दारात ठेवायचे आणि म्हणायचे, "काही नाही, आमच्याकडे पडलंच होतं."

तोगाशी-साननी एकालाही नको म्हटलं नाही. आमच्याकडे आणून दिलेल्या वस्तूला नको म्हणत नाहीत. आणि भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यामुळे ऑइलचा डबा धुऊनपुसून परत जायचा आणि त्याच्या कडीला पिशवी बांधलेली असायची. पिशवीत चार बटाटे, कधी मित्सुयोनं घातलेलं कोबी आणि हेरिंग मासळीचं लोणचं, कधी साकुमाच्या कुऱ्हाडीला फुकट लावून दिलेली धार. लोणचं तर बिचारी बसल्या बसल्या, नाकातली नळी सावरत, श्वास मोजत घालायची.

पण ते ऑइल कसं असायचं, हे मला तोगाशी-साननी एकदा केस कापताना सांगितलं. तक्रार नव्हती, हसत हसत सांगत होते. "साकुमा-सानच्या ऑइलमध्ये पाणी फार असतं. ते आठवडाभर स्वतंत्र ठेवायचं आणि खालून काढून टाकायचं. निशिवाकी-सानचं तळणाचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, ते भट्टीजवळ कोमट करून, थोडं थोडंच मिसळायचं. एका घरून येतं त्यात काय असतं ते मलाही कळलेलं नाही, ते मी वेगळ्या ड्रममध्ये ओततो आणि हात जोडतो." कुणाचा डबा आला त्यावरून ते ठरवायचे की त्याचं काय करायचं. डब्यांवर नावं होतीच. आमच्याकडे रॉकेलचे निळे डबे सगळ्यांचे सारखे, म्हणून प्रत्येकजण मार्करनं नाव लिहितो.

नवीन वर्ष उजाडलं. एका दुपारी माझ्या दुकानात निशिवाकी खुर्चीवर होता, साकुमा बाकावर आपली पाळी येण्याची वाट बघत होता.

"आज पुन्हा बटाटे आले," निशिवाकी म्हणाला. "मला लाज वाटते हो. आपण टाकाऊ तेल द्यायचं आणि त्यांच्या ताटातले बटाटे घ्यायचे."

"माझ्याकडे लोणचं आलं," साकुमा म्हणाला. "मित्सुयो-सानला धड उभं राहता येत नाही आणि ती माझ्यासाठी मासे चिरतेय. घशाखाली उतरेना."

"खाल्लंत ना पण?"

"खाल्लं. चांगलं होतं."

"मग असं करू," निशिवाकी म्हणाला, मान हलवू नका म्हणून मी सांगत असतानासुद्धा मान हलवत. "डब्यावरची नावं पुसून टाकू. सकाळी ते उठायच्या आधी ठेवून यायचं. कोणी ठेवलं कळलंच नाही, तर परत काय देणार? आणि कुणाला?"

आम्हाला सगळ्यांना ते फार पसंत पडलं. मीच थिनरची बाटली काढून दिली नावं पुसायला. कशी सोज्वळ कल्पना, नाही? त्या माणसाचा बोजा हलका होईल, त्याचा मानही राहील. गावातल्या सगळ्यांना निरोप गेला आणि सगळ्यांनी ऐकलं. आमच्या गावात रस्त्यावरच्या दिव्यासाठी वर्गणी काढायची म्हटलं तर तीन बैठका लागतात. या बाबतीत मात्र एका दिवसात एकमत.

पहिल्या सकाळी तोगाशी-सान दारात येऊन त्या बिननावाच्या निळ्या डब्यांकडे बराच वेळ बघत राहिले. एक उचलला, उलटासुलटा केला, खाली ठेवला. मग रस्त्याकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी पडद्याआडून बघत होते, आणि मला वाटलं, वा, काय छान झालं.

आता कोणत्या डब्यात काय आहे, हे त्यांना कळायला मार्ग उरला नाही. वास घेऊन, बोटाला लावून ते अंदाज करायचे, पण गोठलेलं ऑइल सगळं एकसारखं दिसतं. आधी ते संशयाचे डबे बाजूला ठेवत. मग थंडी वाढली, चांगले ड्रम संपले, आणि बाजूला ठेवायला जागा असली तरी सवड राहिली नाही. विचारावं कसं? विचारायचं म्हणजे लोकांनी पुसलेली नावं पुन्हा लिहायला लावायची. ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं. जे आलं ते बॉयलरला जोडलेल्या ऑइलच्या मोठ्या टाकीत ओतत गेले.

फेब्रुवारीत हिमवादळ आलं. दोन दिवस रस्ता दिसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा थोडा पडला आणि मी दार उकरून बाहेर बघितलं, तर समोरच्या छपरावर चिमणीभोवतीचं वर्तुळ नव्हतं. चिमणीच्या बुडापर्यंत पांढरा, गुळगुळीत बर्फ. मी तशीच चपला-बूट काय हाताला येईल ते घालून पळाले.

तोगाशी-सान टाकीपाशी गुडघ्यांवर बसले होते. समोर बादली, बादलीत जे होतं ते काळं नव्हतंच. दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं, दह्यासारखं काहीतरी. कोणाच्या तरी डब्यात गाडीच्या रेडिएटरचं कूलंट होतं, म्हणजे इंजिन थंड ठेवायला घालतात ते पाणी. तेही जुनं झालं की काळपटच दिसतं, एखाद्या म्हाताऱ्याला वाटलं असेल हेही चालतं. ते पाणी, तळणाचं थिजलेलं तेल आणि जळकं ऑइल असं मिळून आलं होतं की वेगळं व्हायला तयार नव्हतं. पाइपात तेच, गाळणीत तेच, भट्टीच्या तोंडाशी तेच, दगडासारखं.

"तळाला बसेल ना पाणी? आठवडाभर ठेवलं तर?" मी विचारलं.

"हे बसणार नाही." ते बादलीत काठी फिरवत होते. "लोण्यासारखं झालंय. हे जळत नाही, मिकामी-सान. नुसतं चरचरतं आणि विझतं."

"सगळी टाकी?"

"सगळी."

वर मित्सुयो तीन रजया आणि तोगाशी-सानचा कामाचा कोट घालून बसली होती. तोंडातून वाफ येत होती. मला बघून म्हणाली, "सेत्सु-चान, चिझुरूला फोन करू नकोस हं." मी म्हटलं, "आधी इथून उठ."

माझ्या दुकानात चिमणीची रॉकेलची भट्टी आहे. जाळीच्या आत असली तरी आग ती आगच, म्हणून हाकेला धावून आलेल्या साकुमानं आणि मी मोजमाप करून तिला लांबच्या खुर्चीवर बसवलं. साकुमानं तिला पाठीवर घेऊन रस्ता ओलांडला होता, मागे मी ऑक्सिजनचं मशीन घेऊन, म्हणजे दोन घोडे आणि एक पालखी. केस कापायची खुर्ची मागे कलते, पाय ठेवायला जागा असते. झोपायला वाईट नाही. मी तिच्या गळ्याभोवती चादर गुंडाळली. ती म्हणाली, "आता दाढीपण करून टाक." दोन दिवस ती तिथेच राहिली. गिऱ्हाईकं यायची, तिला वाकून नमस्कार करायची आणि दुसऱ्या खुर्चीत बसायची. रात्री ती खुर्चीत आणि मी बाकावर.

चिझुरूचा रोज सकाळी मोबाइलवर फोन यायचा. "आई, घर गरम आहे ना?"

"मी अगदी गरम आहे गं," मित्सुयो म्हणायची आणि फोन ठेवून मला सांगायची, "खोटं बोलले का मी? नाही ना?"

समोर तोगाशी-सान पाइप सुटे करत होते, एकेक तुकडा उकळत्या पाण्यात घालून साफ करत होते. रस्ते बंद होते, दुसरं ऑइल कुठून आणणार? सगळ्यांकडचं सगळं तर त्या टाकीत गेलं होतं. साकुमानं आपल्या गोठ्यातलं रॉकेल देऊ केलं. तोगाशी-सान म्हणाले, या भट्टीला ते चालत नाही, फार पातळ पडतं, भडकेल. मी जेवण नेऊन द्यायचे, ते तसंच राहायचं. मी म्हटलं, "निदान हा भात तरी खा, की त्याचीही परतफेड करायचीय?" ते कसनुसं हसले. मला माझीच जीभ तोडून टाकावीशी वाटली.

आणि मग लोक यायला लागले. बातमी पसरली होती की कोणाच्या तरी डब्यानं टाकी नासली. पहिला निशिवाकी आला, मिठाईचा खोका घेऊन. दारात वाकून म्हणाला, "माझंच तेल असणार. माफ करा." तोगाशी-सान त्याच्याहून खाली वाकले. "नाही हो, माझंच लक्ष नव्हतं." मग साकुमा आला, "माझ्याच डब्यात पाणी असतं." मग आणखी एकजण, आणखी एक म्हातारी. प्रत्येकाला वाटत होतं आपलंच, आणि खरं कुणाचं ते कुणालाच कळणार नव्हतं, कारण नावं आम्हीच पुसली होती. तो माणूस हातातलं काम टाकून दर वेळी उठायचा, वाकायचा, खोका घ्यायचा. चार खोके झाले. त्यांनाही आता काही ना काही परत द्यावं लागणार होतं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि संतापही. पण संताप कुणावर काढू? सगळी चांगली माणसं.

महामार्ग उघडला त्या दिवशी चिझुरू आली. कुणी कळवलं नव्हतं. वादळाच्या बातम्या बघून तिला राहवलं नाही, एवढंच. आधी गॅरेजात गेली. मला काचेतून तिची गाडी दिसली, आणि बाप-लेक दिसले. बाप टाकीसमोर उभा, हातात सळी. लेकीनं जाऊन भिंतीवरच्या पाइपाला हात लावला. मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

मित्सुयो खुर्चीत होती, अंगावर माझी पट्ट्यापट्ट्यांची चादर. "अगंबाई, चिझुरू," ती म्हणाली. "केस कापायला आलीस?"

चिझुरू आईच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "हे बघ, यात तुझ्या बाबांची चूक नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून..."

"मला माहीत आहे, मावशी," ती म्हणाली. "कुणाचीच नाहीये. मी कुणाची चूक म्हणतेय का?"

तोगाशी-सान मागून येऊन दारात उभे होते. आत येत नव्हते, बूट काळे होते म्हणून. मी वाट बघत होते की ते म्हणतील, आजचा दिवस थांब, उद्या भट्टी पेटेल. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, एवढं तरी म्हणा. ते म्हणाले, "आईची लोकरीची टोपी वर राहिलीय. घेऊन येतो."

आणि टोपी आणायला गेले.

त्यानंतर बर्फ वितळेपर्यंत त्यांनी एकच काम केलं. टाकी पुरती रिकामी केली, आत उतरून खरवडली. पाइप बदलले. बॉयलर पेटवायचं आता काही कारण नव्हतं, स्वतः ते खाली एका विजेच्या शेगडीपुढे झोपायचे, तरी रोज सकाळी भट्टीचं दार उघडून आत बघायचे. मला म्हणाले, त्यांचा एक चुलतभाऊ दूरच्या गावी बसच्या डेपोत होता, तो पुढच्या हिवाळ्याचं सगळं ऑइल देणार आहे, एकाच जागेचं, एकाच जातीचं, स्वच्छ. कुणाचे डबे लागणार नाहीत. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पूर्वी बघितला नव्हता. "हे मी तिला समोर बसून सांगणार," म्हणाले. "फोनवर नाही."

सापोरोतल्या भुयारी रेल्वेत ते हरवले असते म्हणून मी बरोबर गेले. त्यांनी कोट घातला होता. हात इतके घासले होते की काळेपणाऐवजी सालं निघाली होती.

आश्रम चांगला होता. मला खोट काढायची होती, सापडली नाही. खोलीची फरशीच आतून गरम, खिडकीवर बर्फाचा कण नाही. मित्सुयो अर्ध्या बाह्यांच्या झग्यात बसली होती. गालांवर रंग आला होता. आम्ही आणलेली मोसंबी तिनं नाकाशी धरली आणि मला म्हणाली, "सेत्सु-चान, माझे केस बघ कसे कापलेत इथल्या बाईनं, लाज आणली." मी म्हटलं, पुढच्या वेळी कात्री आणते.

मग तोगाशी-साननी सांगायला सुरुवात केली. टाकी कशी खरवडली, पाइप कुठून आणले, चुलतभावाचं ऑइल कसं मधासारखं वाहतं. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आई, मे महिन्यात तुला घेऊन जातो. चिझुरूशी मी बोलेन. पुढच्या हिवाळ्यात एकदासुद्धा विझणार नाही. एकदासुद्धा."

मित्सुयो त्यांच्या हातांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

"बाबा, मला इथे झोप लागते," ती म्हणाली.

"लागायलाच पाहिजे. चांगली जागा आहे."

"तसं नाही. मला घरी झोप लागायची नाही. खाली त्या पंख्याची घरघर सुरू असायची ना, ती बंद पडली तर तुम्ही उठाल, अंधारात तो जिना उतराल, खाली सगळं तेलकट. तुम्ही घोरायचात आणि मी कान लावून पडलेली असायचे. आजारी पडायच्या आधीपासून. किती वर्षं ते आता आठवतही नाही." ती हसली, तिला धाप लागली, तिनं नळी नीट केली. "इथे काही ऐकूच येत नाही हो. डोळे मिटले की सकाळ होते. मला वाटलं होतं मी म्हातारी झाले म्हणून झोप गेली. तसं नव्हतं."

तोगाशी-साननी हात कोटाच्या खिशात घातले.

"मला परत नका नेऊ, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही येत जा."

"बरं," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बरं झालं. झोप लागते ते फार बरं झालं."

ती मोसंबं सोलायला लागली. आधी त्यांना फोड दिली, मग मला. नंतर आम्ही हवेवर बोललो, चिझुरूच्या मुलांवर बोललो, निशिवाकी दुकान बंद करणार आहे त्यावर बोललो. निघताना ती दारापर्यंत मशीन ओढत आली आणि हात हलवत राहिली.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. बाहेर शेतांवरचा बर्फ ठिकठिकाणी फाटून काळी माती दिसत होती. गाव जवळ आल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मिकामी-सान, आवाज फार यायचा का हो त्याचा?"

रस्त्याच्या पलीकडून, दोन दारं आणि एक भिंत ओलांडून, मी ती घरघर सगळे हिवाळे ऐकत आले आहे. पण त्या माणसाला मी ते कसं सांगणार होते?

"छे हो," मी म्हटलं. "मला तर कधीच ऐकू आला नाही."

त्यांनी मान हलवली.

"म्हणजे तिला एकटीलाच यायचा," ते म्हणाले.